उपवर्गीकरणाचा निकाल आणि आपल्या जातीचा रकाना

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग खटल्यात सहा विरुद्ध एक असा निकाल दिला. राज्यांना अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करता येईल, असे ठरले. २००४ चा चिन्नय्या निकाल रद्द झाला. तेव्हापासून आपल्या ग्रुपवर दोनच प्रकारचे मेसेज फिरतात. एक, आरक्षण संपले. दुसरा, मातंग बांधवांवर राग काढणारा. आम्हाला दोन्ही पटत नाहीत.

अनुच्छेद ३४१ नुसार यादी राष्ट्रपती जाहीर करतात आणि तीत बदल फक्त संसद करते. म्हणून चिन्नय्या निकालाने ही यादी एकसंध मानली होती. नव्या बहुमताचे म्हणणे असे, की यादीत कोणाला घातले वा काढले नाही, तर आतल्या प्राधान्याने ३४१ ला धक्का लागत नाही. न्या. बेला त्रिवेदी यांना ते मान्य झाले नाही. मात्र बहुमतानेही अटी घातल्या. सगळ्या जागा एकाच जातीला देता येणार नाहीत, आणि अपुऱ्या प्रतिनिधित्वाची आकडेवारी राज्याला दाखवावी लागेल. क्रीमी लेयरबद्दल चार न्यायमूर्ती बोलले, पण तो प्रश्न पीठापुढे नव्हताच.

महाराष्ट्रात अनुसूचित जाती ५९, आरक्षण १३ टक्के. निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती यासाठी नेमली गेली. तेलंगणाने एप्रिल २०२५ मध्ये तीन गट करून १, ९ आणि ५ टक्के अशी वाटणी लागूही केली. मातंग, मेहतर, ढोर वस्त्यांत काम करताना आम्ही पाहतो, की पहिली पदवीधर मुलगी तिथे आजही कौतुकाचा विषय असते. श्रेणीबद्ध विषमता बाबासाहेबांनीच उलगडून दाखवली. ती आपल्या यादीतही असणार, हे नाकारून चालणार नाही.

आमची खरी काळजी आकड्यांची आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध होते, पण त्यातले अनुसूचित जातीत मोजले गेले सुमारे ५२ लाख. उरलेल्यांत जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' लिहिणारे किती, याचा हिशेब कोण करणार? लोकसंख्येत आपण कमी आणि नोकरीत मात्र पूर्ण दिसलो, तर 'यांना वाट्यापेक्षा जास्त मिळाले' हे कागदावर सहज सिद्ध होते. वाटणी त्याच कागदावर होईल.

गेल्या वर्षी वस्तीतल्या एका मुलाला केंद्राच्या भरतीसाठी दाखला हवा होता. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जात म्हणून फक्त 'बौद्ध'. आजोबांचा कागद शोधण्यात तीन महिने गेले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, पण तो अनुसूचीतल्या जातीच्या नावावरच मिळतो.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तीत सर्वांचीच जात मोजली जाणार आहे. धर्म बौद्ध, जात अनुसूचीतली, असे लिहावे, हे आमचे मत. सोपे नाही ते. १९५६ ला जे नाव नागपुरात टाकून दिले, तेच प्रगणकासमोर उच्चारायचे. आमच्या विहारातल्या बैठकीत एका आजीने साफ नकार दिला, आणि तिला काय उत्तर द्यावे हे आम्हाला तिथल्या तिथे सुचले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बसणार आहोत. मातंग वस्तीतल्या कार्यकर्त्यांनाही बोलावले आहे.