राखून ठेवलेला डाव

परवा आमच्याकडे एक गंमत झाली. टीव्हीवर चीनमधली एक बाग दाखवत होते. पहाटेची वेळ, शंभरेक माणसं रांगांमध्ये उभी, बरीचशी आजी-आजोबांच्या वयाची. आणि सगळी इतकी हळूहळू हात हलवत होती, की जणू पाण्याखालीच उभी आहेत! मी भाचीला म्हटलं, "बघ, ही ताई ची."

"कुठल्या ताईची?"

"अगं, ताईची नाही, ताई ची! कराटेसारखीच ती एक मारामारीची विद्या आहे."

तिनं दोन मिनिटं नीट बघितलं आणि म्हणाली, "मामा, इतक्या हळू गुद्दा आला तर मी घरी जाऊन जेवून परत येईन."

आता तिचं काय चुकलं? मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. म्हणून या वेळच्या गप्पा ताई चीवरच.

आधी नाव. पूर्ण नाव चिनी उच्चाराच्या जवळ जाऊन सांगायचं तर 'थायजीछुआन'. 'छुआन' म्हणजे मूठ, मुष्टियुद्ध. 'थायजी' म्हणजे परम तत्त्व, ज्याच्या पलीकडे काही नाही असं. काळा आणि पांढरा असे दोन मासे एकमेकांना बिलगलेत, असं एक गोल चित्र तुम्ही टी-शर्टवर वगैरे पाहिलं असेल. चिनी लोक त्याला थायजीचं चित्रच म्हणतात. काळ्यात एक पांढरा ठिपका, पांढऱ्यात एक काळा. जोर आणि ढिलेपणा, पुढे जाणं आणि मागे सरणं ही एकमेकांच्या पोटातच असतात, असं ते चित्र सांगतं. या चित्रावरून मारामारी कशी करायची? तिकडेच येतोय.

हळू का, याचं उत्तर तुमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात आहे. स्लो सायकलिंगची शर्यत आठवते ना? जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो जिंकला, पण पाय टेकायचा नाही. एरवी वाऱ्यासारखी सायकल हाणणारे वीर तिथं पहिल्या दहा फुटांतच गारद होतात. वेगात तोल आपोआप सांभाळला जातो, चुका झाकल्या जातात. वेग काढून घेतला की सगळं उघडं पडतं.

करूनच बघा. गुडघे जरासे वाकवून उभे राहा आणि एक पाऊल पुढे टाकायला पूर्ण १० सेकंद घ्या. आधी टाच टेकवायची, मग तळवा, आणि मगच वजन हळूहळू त्या पायावर ओतायचं, एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओततात ना, तसं. एक पाय भरतो, दुसरा रिकामा होतो. ताई चीचे गुरू अगदी याच शब्दांत सांगतात, भरलेला पाय आणि रिकामा पाय. रिकामा पाय केव्हाही उचलता येतो, म्हणून माणूस केव्हाही हलू शकतो. दोन्ही पायांवर सारखा भार टाकून ठाण मांडलं, की दिसायला भक्कम, पण हलायचं म्हटलं तर अडकलेलं. ही तिथं मोठी चूक मानतात.

बाकीचे नियम ऐकायला सोपे आहेत. डोकं वरून दोरीनं टांगल्यासारखं सरळ. खांदे खाली सोडलेले. छाती फुगवलेली नाही. हात आपल्या मनानं फिरणार नाहीत, कंबर फिरेल तसे फिरतील. यांग चेंगफू (१८८३-१९३६) या नामांकित गुरूंनी अशी दहा सूत्रं सांगून ठेवली आहेत. त्यांतलं एक असं, की ताकद वापरायची नाही, मन वापरायचं. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात मला कुणी 'खांदे सैल सोडा' म्हटलं, की माझे खांदे कानांना जाऊन भिडतात. बागेतले आजी-आजोबा बहुधा २४ हालचालींचा सोपा क्रम करत असतात. चीनच्या सरकारी क्रीडा आयोगानं तो १९५६ मध्ये बसवला. पाच-सहा मिनिटांत होतो. जुने मूळ क्रम याच्यापेक्षा पुष्कळ लांब आहेत.

बरं, पण मारामारी कुठाय?

ती आहे 'तुई शौ'मध्ये, म्हणजे हात ढकलण्यात. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं आणि एकमेकांचा तोल घालवायचा. हात सोडायचा नाही आणि झोंबायचंही नाही. समोरच्यानं ढकललं तर आपण उलट ढकलायचं नाही. त्याच्या जोराबरोबर कंबर वळवायची. तो जोर आपल्या बाजूनं निघून जातो आणि त्याच्या मागोमाग जोराचे मालकही जातात! रस्सीखेच चालू असताना समोरच्या संघानं ठरवून दोर सोडला तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

याला चिनी भाषेत एक म्हण आहे. चार 'लियांग'नं हजार 'जिन' वळवायचे. ही त्यांची वजनं. जुन्या हिशेबात एका जिनचे सोळा लियांग, अगदी आपल्या जुन्या शेराचे सोळा छटाक असायचे तसे. म्हणजे चार छटाकांनी हजार शेर! पण हजार शेरांचा धोंडा कुठल्या दिशेनं येतोय हे आधी कळायला हवं, नाहीतर चार छटाक लावणार कुठं? म्हणून तुई शौमध्ये सगळ्यांत आधी शिकवतात ते 'ऐकायला'. कानांनी नाही, कातडीनं. समोरच्याच्या मनगटावरून ओळखायचं, की आता याचा जोर कुठून निघणार.

आणि हे शिकायचं तर आधी पुष्कळदा पडावं लागतं. झेंग मानछिंग (१९०२-१९७५) नावाचे एक गुरू होते. चित्रकार, कवी, वैद्य असं सगळंच. ते १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या अमेरिकन तरुणांना शिकवू लागले. त्यांचा आग्रह असायचा, की 'तोटा खायला शिका'. चिनी भाषेत नुकसान सोसण्याला 'तोटा खाणं' असंच म्हणतात. ढकलाढकलीत जोर लावून जिंकलात तर जिंकाल खरे, पण ऐकायला शिकणार नाही. म्हणून पडा, हरा, आणि का पडलो ते बघा.

मी भाचीशी हे करून पाहिलं. ती सातवीत, माझं वजन तिच्या दुप्पट. तिनं ढकललं, मी खांब झालो. तिनं आणखी जोर लावला, मी आणखी ताठ. मग तिनं एकदम हात काढून घेतला आणि मी थेट सोफ्यावर! नियमाप्रमाणे हात काढायचा नसतो, हे मी तिला सोफ्यावरूनच सांगितलं. (तुम्ही करणार असाल तर गादीवर करा, आणि टीव्हीपासून लांब.)

आता खरी गोष्ट.

आपल्याकडे तालमीत एक किस्सा सांगतात. वस्तादानं पठ्ठ्याला सगळे डाव शिकवले. पठ्ठ्या माजला आणि त्यानं वस्तादालाच आव्हान दिलं. कुस्ती लागली. वस्तादानं न शिकवलेला एक डाव टाकला आणि पठ्ठ्या चितपट! म्हणून म्हणतात, वस्तादानं एक डाव राखून ठेवावा.

चीनमधल्या एका गावानं एक डाव नाही, अख्खी विद्याच राखून ठेवली होती. गावाचं नाव चेनजियागौ, म्हणजे चेन घराण्याची घळ. हनान प्रांतात, पिवळ्या नदीच्या उत्तरेला. ताई ची कुणी सुरू केली याची एक दंतकथा आहे, त्यात डोंगरावर राहणारा एक साधू पक्षी आणि साप यांची झुंज बघतो. पण जी परंपरा धरता येते ती या गावापासून. सतराव्या शतकात चेन वांगटिंग नावाचा योद्धा गावात होऊन गेला. मिंग राजघराणं कोसळलं तो हा काळ. त्यानं ही विद्या रचली असं मानतात. पुढे पिढ्यान् पिढ्या ती चेन घराण्यातच राहिली.

याला नुसता कोतेपणा म्हणू नका हं. गावातले पुरुष व्यापाऱ्यांच्या मालाला संरक्षण देण्याचं काम करायचे. वाटेत दरोडेखोर भेटायचे. ज्या विद्येवर पोट आणि जीव दोन्ही अवलंबून, ती कुणी चव्हाट्यावर मांडत नाही. दुसरं असं, की चेला चुकला तर नाव गुरूचं जायचं. 'कुंग फू पांडा'मधले ते लांब कानांचे शिफू आठवतात? 'शि' म्हणजे शिक्षक, 'फू' म्हणजे वडील. ज्याला शिष्य केलं तो घरातला मुलगा झाला, बाकीचे शिष्य त्याचे भाऊ. म्हणून आधी स्वभाव बघायचे. हा पोरगा नम्र आहे का, धीर धरतो का, शिकलेलं दुर्बळांवर वापरणार तर नाही ना? या सगळ्याला 'वू-द' म्हणतात, लढणाऱ्याची नीती. नमस्कार करताना उजव्या मुठीवर डावा पंजा ठेवतात, त्याचाही एक अर्थ असा सांगतात, की मूठ आहे, पण ती आवरलेली आहे.

तर अशा या गावात एक परका मुलगा आला. यांग लुछान त्याचं नाव, जन्म १७९९ चा, शेजारच्या हबेई प्रांतातला, गरीब घरचा. गोष्ट अशी सांगतात, की तो गावात नोकर म्हणून राहिला. रात्री अंगणात गुरू चेन छांगशिंग शिकवायचे आणि हा भिंतीच्या फटीतून बघायचा. बघायचा आणि एकटाच सराव करायचा. एक दिवस पकडला गेला. चोरून विद्या शिकणं हा फार मोठा गुन्हा! पण गुरूंनी म्हटलं, काय शिकलास ते दाखव. त्यानं दाखवलं आणि गुरूंनी त्याला शिष्य करून घेतलं. फटीचा भाग तिखटमीठ लावलेला असेल, पण चेन छांगशिंग यांनी परक्या घरातल्या यांगला विद्या दिली ही गोष्ट इतिहासातली आहे. हे गुरू इतके ताठ उभे राहायचे, की लोक त्यांना 'पूर्वजांची पाटी' म्हणायचे. चिनी घरांत पूर्वजांच्या नावाची लाकडी पाटी उभी ठेवतात, त्यावरून.

यांग पुढे बीजिंगला गेला. मांचू सरदारांच्या वाड्यांवर शिकवू लागला. 'अजिंक्य यांग' असं नाव पडलं. त्याच्याबद्दल सांगतात, की तळहातावर चिमणी ठेवली तर तिला उडता यायचं नाही. उडण्याआधी चिमणी पायांनी रेटा देते, आणि त्या रेट्याबरोबर याचा हात खाली जायचा. रेटा द्यायला काही मिळालंच नाही तर चिमणी उडणार कशी? खरं-खोटं चिमणीला ठाऊक, पण 'ऐकणं' म्हणजे काय ते यातून झकास कळतं. मघाचे यांग चेंगफू हे याच यांगचे नातू. आज जगात सगळ्यांत जास्त लोक शिकतात ती यांग पद्धतच.

आणि चेनजियागौचं काय झालं? तिथं उलटं झालं. युद्धं, पूर, दुष्काळ यांनी गाव पोखरलं. माणसं पोटासाठी पांगली. चेन घराण्यातले एक गुरू, चेन झाओपी, बीजिंग आणि नानजिंगमध्ये शिकवून नाव मिळवलेले, १९५८ मध्ये गावी आले. बघतात तर सराव करणारे जेमतेम उरलेले. ज्या गावानं विद्या इतकी जपली, तिथंच ती विझायला आली होती. झाओपी तेव्हा ६५ वर्षांचे. आरामाचं वय. ते गावातच राहिले आणि पोरांना शिकवू लागले.

१९६६ मध्ये चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. जुनं म्हणून जे जे होतं ते मोडून काढायचा सपाटा लागला. या म्हाताऱ्या शिक्षकाचा छळ झाला, लोकांपुढे अपमान झाला. तरी चोरून, रात्रीचं शिकवणं चालू राहिलं. पूर्वी दार लावायचे ते परक्यानं शिकू नये म्हणून. आता दार लावायचं ते गावच्या पोरांना शिकता यावं म्हणून.

झाओपी १९७२ मध्ये वारले. त्यांच्याकडून आणि नंतर इतरांकडून शिकून तयार झालेले चौघे पुढे जगभर गाजले: चेन शियाओवांग, चेन झेंगलेई, वांग शिआन आणि झू थिआनत्साई. झाओपी गावी परतले त्या वर्षी हे चौघे ९ ते १४ वर्षांचे, म्हणजे तुमच्याएवढेच होते. नावं पुन्हा वाचा बरं. चिनी नावात आडनाव आधी येतं. चौघांपैकी दोघांचं आडनाव चेन नाही!

डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं ताई चीला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. चेनजियागौमध्ये आता शाळा आहेत, परदेशातून मुलं येऊन राहतात. भिंतीच्या फटीतून बघायची कुणाला गरज नाही.

भाचीला हे सगळं सांगितलं तर तिचा प्रश्न वेगळाच. "मामा, पण त्या गुरूंनी यांगला सगळे डाव शिकवले, की एक राखून ठेवला?"

आता हे मी कुणाला विचारू?

१० सेकंदांचं पाऊल न डगमगता कुणाकुणाला जमलं ते कळवा. भाचीचे सात झालेत. माझे विचारू नका.