चौदा दिवसांचा प्रश्न

१९७० साली सिडकोची स्थापना झाली, तेव्हापासून नवी मुंबई अखंड बांधली जात आहे. बांधकामासाठी साठवलेल्या पाण्यात हिवतापाचा शहरी डास वाढतो आणि त्याच पाण्याशेजारी, पत्र्याच्या खोपटांत, ही नगरी उभारणारा मजूर राहतो. त्याचा हिवताप हा दैवाचा कोप नव्हे. तो त्याच्या कामाच्या जागीच जडणारा रोग आहे.

या रोगाच्या परजीवीविषयीचे ज्ञान अलीकडे झपाट्याने वाढले. ‘फॅल्सिपेरम’ जातीचा जनुकसंच २००२ साली प्रसिद्ध झाला. २०१४ पासून ‘क्रिस्पर’ तंत्राने त्यातील नेमके जनुक बदलून त्याचे कार्य तपासता येऊ लागले. आर्टेमिसिनिन या औषधाला परजीवी दाद का देईनासा होतो, याचा उलगडा जनुकबदलाच्या अशाच प्रयोगांनी पक्का झाला.

परंतु भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणारी ‘वायव्हॅक्स’ ही जात मागे राहिली. फॅल्सिपेरम १९७६ पासून प्रयोगशाळेत सातत्याने वाढवता येतो. वायव्हॅक्सला कोवळ्या तांबड्या पेशीच लागत असल्याने तो तसा वाढवता येत नाही. ही अडचण निसर्गाची, हे मान्य. पण ती ओलांडण्याचा खर्च बाजार करणार नाही. बाजारातील मागणी गरजेने नव्हे, क्रयशक्तीने ठरते आणि या रोग्याचा खिसा रिकामा आहे. म्हणून हे संशोधन सार्वजनिक पैशाने झाले पाहिजे आणि त्याचे फलित सार्वजनिक मालकीचे राहिले पाहिजे.

तथापि हाती असलेले ज्ञानही मजुरापर्यंत पोचत नाही, हे अधिक लाजिरवाणे आहे. वायव्हॅक्स यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा उसळतो. त्याच्या उच्चाटनासाठी प्रायमाक्वीनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. ताप त्याआधीच उतरतो, मजूर कामावर परततो, टोळी दुसऱ्या साइटवर जाते आणि उपचार अर्ध्यावर राहतो. याला मजुराचे अज्ञान म्हणणे सोयीचे आहे. खरे कारण त्याच्या अस्थिर रोजंदारीत आहे.

१९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकराची तरतूद केली. त्या निधीतून आजारपणातील मजुरी, गोळी बाधणार नाही याची आधी रक्ततपासणी आणि मजूर कोठेही गेला तरी चौदा दिवसांचा पाठपुरावा, एवढे मिळालेच पाहिजे. ही मागणी घेऊन आपल्या कार्यकर्त्यांनी नवी मुंबईतील प्रत्येक बांधकामावर पोचावे. विज्ञानाने परजीवीचे लपण्याचे ठिकाण दाखवून दिले आहे. मजुराच्या हक्काची जागा दाखवणे हे चळवळीचे काम आहे.