मास्तर व्हायचं, पण आजाचा कागद कुठून आणायचा?

बारावी झालेली आपली पोरं-पोरी विचारतात, मास्तर व्हायला काय करावं लागतं? वाट सांगायला सोपी. दोन वर्षं डी.एड. (आता डी.एल.एड. म्हणतात), मग टीईटी. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, १५० गुणांचा, आपल्याला ५५ टक्के लागतात. त्यानंतर भरतीची अभियोग्यता परीक्षा. अभ्यासाला आपली पोरं भीत नाहीत.

अडतं ते जात पडताळणीत. राखीव जागेसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजाचा शाळेचा दाखला, नाहीतर महसूलचा कागद. आता वनगावात तेव्हा शाळा होती कुठं? अन् सातबारा तर कित्येक घरांत आजही नाही. जंगलात पिढ्या गेल्या, त्यांनाच विचारतात तुम्ही कोण!

आमचं म्हणणं असं. वनहक्काच्या दाव्यात म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, २००८ च्या नियमांत नियम १३ मध्ये तसं लिहिलंय. जमिनीसाठी ज्यांची जबानी चालते, त्यांची नातवाच्या नोकरीला का चालू नये? ग्रामसभेपुढं घेतलेला जबाब पडताळणी समितीनंही धरावा. नाहीतर मास्तर बाहेरूनच येणार. पहिलीच्या पोराला त्याची बोली कळत नाही, त्याला पोराची. वर्ष तसंच जातं.

येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या. दाव्याच्या फाईलमधल्या जबाबाची नक्कल पोरांच्या दाखल्यांसोबत ठेवा. आणि पडताळणीचा अर्ज बारावीतच टाका, निकालानंतर धावपळ होते.