वीस राष्ट्रांचें वचन

जगांतील वीस बड्या अर्थसत्तांचे पुढारी दरसाल एकत्र जमतात, लांबलचक संयुक्त निवेदन काढतात, आणि जगाचें आर्थिक धोरण एका सूत्रांत ओवलें गेल्याची ग्वाही देतात. ही ग्वाही आम्हांस मान्य नाहीं. जी-२० या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या गटास ना सनद, ना कायमचें कार्यालय, ना ठराव अंमलांत आणविणारी सत्ता. त्याचें सारें बळ दिला शब्द पाळण्यांत. तो कसा पाळला जातो तें पाहूं.

२००८ सालीं अमेरिकेंतील बँका कोसळूं लागल्या, तेव्हां हे पुढारी नोव्हेंबरांत वॉशिंग्टनला धांवले. २००९ च्या एप्रिलांत लंडन येथें त्यांनीं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची कर्ज देण्याची कुवत तिप्पट करून ७५० अब्ज डॉलरवर नेण्याचें ठरविलें. हें काम चपळाईनें झालें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या वेळीं थैली कोणीं सैल केली? केवळ श्रीमंतांनीं नव्हे. चीननें ५० अब्ज, तर भारत, ब्राझील व रशिया यांनीं प्रत्येकीं १० अब्ज डॉलरपर्यंत देऊं केले.

पैसा देणारास मतही हवें, ही मागणी रास्तच होती. २०१० सालीं दक्षिण कोरियांत ती मान्यही झाली. निधींतील ६ टक्क्यांहून अधिक वाटा उदयोन्मुख व उपेक्षित राष्ट्रांकडे वळवावयाचा, आणि तोही २०१२ पर्यंत! मात्र असल्या बदलास ८५ टक्के मतें लागतात, आणि एकट्या अमेरिकेपाशीं १६ टक्क्यांहून अधिक आहेत. तिच्या काँग्रेसनें संमति दिली ती डिसेंबर २०१५ मध्यें. तोंवर गट विनवण्या करीत आणि निराशा व्यक्त करीत बसला.

कोणी म्हणतील, काँग्रेस लोकनियुक्त आहे. तिजवर परक्यांनीं सक्ती कशी करावी? मान्य. पण कर्जदार राष्ट्राच्या लोकनियुक्त सभेस हा मान कधीं मिळाला आहे काय? निधीच्या अटी पुऱ्या होईतों तिच्या देशास हप्ता मिळत नाहीं.

२०२३ सालीं नवी दिल्लींत आफ्रिकी संघास गटांत आसन मिळालें, याचा आम्हांस आनंदच आहे. त्याच वर्षीं डिसेंबरांत निधीच्या सभासदांच्या वर्गण्या ५० टक्क्यांनीं वाढविण्याचें ठरलें. पण वाढ जुन्याच प्रमाणांत, कोणाचाही वाटा रतिभर न हलवितां.