पंखांवरून ओळख, अंगावरून खात्री



वर्षाऋतूत भूमी सूक्ष्म जीवांनी भरून जाते, म्हणून आपले साधू-साध्वी चातुर्मासात एका स्थानी स्थिर राहतात. याच दिवसांत अंगणात, गच्चीवर फुलपाखरांची वर्दळ वाढते. स्पर्श, रस, गंध आणि चक्षू अशी चार इंद्रिये असणारा हा चतुरिंद्रिय जीव. प्रतिक्रमणात आपण या जीवांची क्षमा मागतो. परंतु त्यांपैकी किती जण आपल्याला ओळखता येतात?

फुलपाखराची जात प्रथम ठरते ती पंखांवरील खुणांवरून. या खुणा म्हणजे कौलांप्रमाणे एकमेकांवर रचलेले अतिसूक्ष्म खवले होत. बोटांत धरले की ते निखळतात आणि पुन्हा उगवत नाहीत. म्हणून पकडू नये, पाहावे. पाहताना पंखांच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. पश्चिम घाटातील ब्ल्यू ओकलीफ पंख उघडते तेव्हा निळे दिसते. मिटते तेव्हा वाळलेल्या पानाचा हुबेहूब भास होतो. एका बाजूने पाहणाऱ्याचे उत्तर अपुरेच राहणार, हे अनेकांत मानणाऱ्या आपणांस वेगळे सांगावयास नको.

मात्र पंखही कधी चकवतात. कॉमन मॉर्मन हे आपल्याकडील नेहमीचे काळे फुलपाखरू. नराच्या मागील पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ असते. मादी मात्र तीन रूपांत आढळते. पहिले रूप नरासारखे. दुसऱ्याच्या मागील पंखांवर मध्यभागी पांढरा डाग आणि कडेला लाल ठिपके. ते कॉमन रोझ या जातीसारखे दिसते. तिसऱ्याच्या पुढील पंखांवर पांढरे पट्टे आणि मागील पंखांवर लाल ठिपके. ते क्रिमसन रोझसारखे. या दोन्ही रोझ जातींच्या अळ्या विषारी ईश्वरी वेलीवर वाढतात. ते विष फुलपाखरातही उतरत असल्याने पक्षी त्यांना टाळतात. मॉर्मनच्या अंगी विष नाही; या उसन्या वेषामुळे मादीला अभय लाभते. ही रूपे एकाच जातीची आहेत, हे आल्फ्रेड वॉलेस यांनी 1865 मध्ये दाखवून दिले.

मग खरी ओळख पटावी कशी? पंखांवरून दृष्टी अंगाकडे न्यावी. रोझचे अंग लाल असते, मॉर्मनचे काळे. वेष उसना घेता आला, अंगाचा रंग मात्र मूळचाच राहिला. पूर्वीचे संग्राहक अशा खातरीसाठी फुलपाखराला टाचणीने टोचून ठेवीत. आज त्यासाठी हिंसेची गरज नाही. पंख उघडे असताना एक, मिटलेले असताना एक आणि अंग स्पष्ट दिसेल असे एक, अशी तीन छायाचित्रे बहुधा पुरतात.

आता प्रश्न आपल्या घराचा. हीच मॉर्मन मादी कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या पानांवर अंडी घालते. पायांनी पानाची चव घेऊन ती झाड पारखते. कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. अनेक घरांत ती 'कीड' म्हणून काढून टाकली जाते, कित्येकदा औषध फवारले जाते. फुलपाखराचे कौतुक करणारे हात त्याच्याच बाल्यावस्थेचा घात करतात, तो क्रौर्याने नव्हे, अज्ञानाने. ज्ञानावाचून दया आंधळी राहते, ती अशी.

पुढच्या वेळी कढीपत्ता तोडताना प्रत्येक पानाची खालची बाजूही पाहा. अळी दिसली तर ती फांदी तिच्यासाठी राहू द्या. साधारण महिन्याभरात त्या कुंडीतून एक काळे फुलपाखरू उडेल. त्याची ओळख घरातील मुलांनाच ठरवू द्या: आधी पंख, मग अंग.