विम्याचा सौदा नको, उपचाराचा हक्क हवा!
रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यासारख्या वस्तीत छोट्या दुकानात राबणाऱ्या नोकराच्या कुटुंबाला आजारपणात आधार कोणाचा? १९४८ च्या कायद्याने जन्मलेली कर्मचारी राज्य विमा योजना सर्वसाधारणपणे १० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरतीच आहे. छत्तीसगडच्या सरकारी योजनेत सामान्य शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच साहाय्य मिळते. उरते कंपनीची पॉलिसी! तिच्यावरील १८ टक्के कर सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द झाला, हे स्वागतार्हच. परंतु वयाबरोबर चढणारा हप्ता कायम आहे. पैशाअभावी कोणीही उपचारांना मुकू नये, हे भोर समितीने १९४६ मध्येच बजावले होते. म्हणूनच स्वस्त हप्त्यावर समाधान न मानता सुसज्ज सरकारी रुग्णालयांसाठी कामगार चळवळीने संघटित लढा उभारला पाहिजे.