आईची पट्टी

मागच्या वर्षी अकोल्याचं जुनं घर रिकामं केलं आणि आईला अमरावतीला आमच्याकडे आणलं. सामान काढताना माळ्यावरून पेटी निघाली. तीस वर्षं तिला कोणी हात लावला नव्हता. भात्याला उंदरांनी भोक पाडलेलं, दोन पट्ट्या दाबल्या की वरच येईनात, आणि एक सूर भाता हलवला की आपोआप केकाटायचा.

"भंगारात दे बापा, कायले वाह्यतं?" आई म्हणाली.

मी ती दुरुस्तीला दिली. का दिली, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

शाळेत असताना मी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा द्यायचो. प्रारंभिक झाली, प्रवेशिका झाली, मध्यमेपर्यंत पोचलो आणि डोक्यात हवा गेली. घरी संध्याकाळी भजन व्हायचं, शेजारच्या बायका यायच्या, मी पेटीवर. एकदा सगळ्यांसमोर मी आईला म्हणालो, "तू काळी चारला सुरू करतेस आणि पांढरी पाचला उतरतेस. ऐकवत नाही." आई हसली. बायकाही हसल्या. पण त्यानंतर ती माझ्या पेटीबरोबर कधी गायली नाही.

पुढे मीही सोडलं. मैफलीत बसण्याइतका आपला हात नाही हे कॉलेजात कळून चुकलं, आणि मग नुसतं घरी वाजवून काय करायचं, असं वाटलं. आज वाटतं, आईला गप्प करणारा आणि मला गप्प करणारा विचार एकच होता. गाणं म्हणजे कोणाला तरी दाखवायची गोष्ट, आणि दाखवण्याजोगं नसेल तर ते नसलेलंच बरं.

हा विचार आपल्याकडे आला कुठून, याचं मला नवल वाटतं. कारण वऱ्हाडचं गाणं असं नव्हतंच. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी हातात घेतली ती खंजिरी. चामड्याचं एक कडं, त्याला झांजा. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला, आणि तिथून गावोगाव सामुदायिक प्रार्थना आणि भजनं पोचली. सामुदायिक म्हणजे सगळ्यांनी म्हणायचं. ज्याचा गळा बरा त्यानेच म्हणायचं, असं नाही. अकोला-अमरावती रस्त्यावर मूर्तिजापूर लागतं. त्याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे गाडगेबाबांचं बालपण गेलं. त्यांच्या कीर्तनात समोर बसलेल्या माणसांना प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत, गजरात आवाज मिसळावा लागत असे. नुसतं ऐकून घरी जायची सोय नव्हती.

पेटीचीही गंमत आहे. तिच्यात मींड येत नाही, सूर ठरलेले, वाद्य परकं, म्हणून १९४० साली रेडिओवर तिच्यावर बंदी आली. ती १९७१ साली सैल झाली. मधली तीस वर्षं तज्ज्ञांचा वाद चालूच होता, आणि घराघरांत, देवळांत, भजनी मंडळांत पेटी वाजतच होती. कोणी कोणाची परवानगी विचारायला गेलं नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे बेसूर गायलेलं चालतं का? माझं तसं म्हणणं नाही. सुराचा आदर आहेच, रियाज करणाऱ्यांपुढे मी हात जोडतो. पण घरी झुणका-भाकर करणाऱ्याला आपण "हौशी स्वयंपाकी" म्हणत नाही, आणि हॉटेलसारखी जमली नाही म्हणून कोणी चूल बंद करत नाही. गाण्याच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच केलं. टीव्हीवर चार वर्षांच्या पोरालाही परीक्षक गुण देतात, मिरवणुकीत डीजे लावला की माणसाला तोंड उघडायची गरजच उरत नाही. जत्रेत हौशे, नवशे, गवशे असतात म्हणतात. त्यातला हौसेने येणारा उठून गेला, तर जत्रेला उरलं काय?

असो. पेटी दुरुस्त होऊन आली. पहिल्या दिवशी बोटं लाकडासारखी. मी एका जुन्या भजनाची चाल शोधत होतो, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "तसं नाही ते." मी थांबलो. म्हटलं, मग कसं, तू म्हण.

"मले कुठं जमतं आता," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तू वाजव, मी म्हनून पाह्यतो."

आता तिचा आवाज पांढरी तीनलाच लागतो, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत तिथूनही खाली येतो. पूर्वी मी माझी पट्टी धरून बसलो असतो. या वेळी ती कुठे उतरते ते ऐकत राहिलो, आणि पुढच्या कडव्याला पेटी तिथे नेली. चुकत चुकत नेली, पण नेली. पूर्ण भजन झालं.

मी भाता बंद करत होतो तेव्हा ती म्हणाली, "पेटी आता बरी झाली बापा. मांगं लय पुढं पयत होती."

म्हणजे तिला सगळं आठवत होतं.